डाव्या बुटाचा हट्ट

“गुडघा सुजलाय. मी नाही बांधून घेणार,” दिगंबररावांचा डावा बूट कुरकुरला आणि त्यानं आपली नाडी पुन्हा सोडली.

“चार्जिंग संपलं असेल, बाबा,” लेक केतकी म्हणाली.

“दमट हवेनं बिघडलाय मेला,” शरयूताईंनीही बुटावरच ढकललं.

लग्नाच्या वाढदिवसाला नवराबायको दरवर्षी हरिश्चंद्रगड चढत. शरयूताईंचे बूट मघाशीच शहाण्यासारखे बांधले गेले होते, ते पाहून नवऱ्याला वाईट वाटू नये म्हणून त्यांनी पाय हळूच पलंगाखाली सरकवले होते.

दिगंबररावांनी वाकून ते पाहिलं. मग बायकोच्या सॅकमधलं बेसन आणि कांदे काढून स्वतःच्या पिशवीत भरले.

“पायथ्याशी पिठलं मी करून ठेवतो,” ते म्हणाले. “तू केतकीला घेऊन वर जा. माझ्याच्यानं आता गड चढवत नाही, शरयू.”