पुलापलीकडचा माणूस

“काय तक्रार आहे?” मास्तरने विचारलं, आणि तेही लंबूला.

वहिनींनी दारातच सांगून ठेवलं होतं. “भावोजी, मनावर घेऊ नका. परवा पोटच्या मुलालाही ‘कोण आपण?’ म्हणाले.” लंबू तेव्हा हसला होता. मुलाचं काय, तो सठीसहामाशी तोंड दाखवणार. आपली गोष्ट वेगळी. नदीच्या दोन काठांवर दोन नगरपालिका; अलीकडे कुत्री पकडायला लंबू, पलीकडे मास्तर. कुत्र्यांना वर्गात दटावल्यासारखं बोलायचा म्हणून मास्तर. उभा जन्म एकमेकांच्या गल्ल्या तुडवण्यात गेला. हा माणूस आपल्याला विसरेल?

विसरला होता.

“अरे, मी! पुलापलीकडून आलो,” लंबू म्हणाला.

“बरं झालं आलात. बसा. गल्ली कुठली तुमची?”

लंबू खुर्चीत बसला आणि जुनं काढून बोलायला लागला. पूर्वी दोन्ही कचेऱ्यांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. नको असलेली कुत्री गुपचूप पुलापलीकडे नेऊन सोडायची आणि दुसऱ्याच्या नावाने बोंब मारायची. शिवाय गावची कुत्री आपल्या माणसाला चालीवरून ओळखत. तो वळणावर दिसला की गल्ली ओस. मग एकदा मास्तरच म्हणाला होता, “माझी कुत्री तुला ओळखत नाहीत, तुझी मला. अदलाबदल करू.” वरच्यांना न विचारता दोघांनी ती केली. पुढे वरच्यांनी त्याला ‘विभागीय सहकार्य’ असं भारदस्त नाव दिलं, भाषणं केली, फोटो काढले. या दोघांना बोलवायचं तेवढं राहून गेलं.

“आणि ती बेकरीमागची करडी कुत्री? तू फास घेऊन गल्लीभर धावतोयस आणि ती केव्हाची तुझ्याच गाडीत चढून झोपलेली!”

“असेल,” मास्तर सभ्यपणे म्हणाला.

लंबूला रडू आलं नाही, राग आला. इतक्या वर्षांच्या दोस्तीचं झालं काय, तर ‘असेल’? उठून जावं म्हणून त्याने गुडघ्यांवर हात टेकले. मास्तर मात्र अजून त्याच्याकडेच बघत होता, ऐकून घ्यायच्या तयारीने. कचेरीत प्रत्येकाकडे असाच बघायचा.

लंबू पुन्हा टेकला.

“तक्रार आहे,” तो म्हणाला. “शाळेमागच्या गल्लीत एक कुत्री अंगावर येते.”

मास्तर ताठ बसला.

“चावली कुणाला?”

“नाही अजून.”

“पिल्लं आहेत?”

“आहेत. जिन्याखाली.”

“मग येणारच अंगावर. आई आहे ती. पिल्लांना कुणी हात लावायचा नाही, आधी तिला धरायचं. पण मी येऊन उपयोग नाही. इथली कुत्री मला ओळखतात. पलीकडच्याला बोलावतो.”

“कोण पलीकडचा?” लंबू खुर्चीत पुढे सरकला.

“लंबू म्हणतात त्याला. तोंडाने फटकळ, आणि वेळेवर येईल तर शपथ. पण हात असा हलका, की फास पडलेला जनावराला कळत नाही. असा हात मी दुसरा पाहिला नाही.” मास्तरने आवाज खाली आणला. “त्याला बोललो नाही कधी. शेफारेल.”

दोन कप घेऊन वहिनी दारात उभ्या होत्या. “अहो, हेच तर...” म्हणता म्हणता त्यांनी लंबूचा चेहरा पाहिला. लंबूने डोळे पुसले, शर्टाच्या बाहीलाच.

“येईल ना तो?” त्याने विचारलं.

“न यायला काय झालं? मी बोलावलं की येतो.”

“मग बसतो मी. तो येईपर्यंत.”

“बसा की.” मास्तरने वहिनींच्या हातातल्या कपांकडे पाहिलं. “अगं, दोनच काय आणलेस? लंबू पोचेल एवढ्यात.”