खंड्याचं चित्र

आई गेली त्या दिवसापासून आठ वर्षांच्या हिमानीच्या तोंडून एक शब्द फुटला नव्हता. तिच्या बापाने, दर्पणने, पालघरचे डॉक्टर केले, देवीला नवस बोलला, मासवणच्या पुढच्या एका भगताचे उंबरठेही झिजवले. पोर हसत नव्हती, रडतही नव्हती. खाडीवर नेलं की मात्र तिवरांच्या सावलीत बसून पेन्सिलीने पाखरं काढायची. म्हणून बोटीवर जाणं सोडून तो तिला रोज माकुणसारजवळच्या खाडीवर घेऊन यायचा.

त्या दुपारी पाण्यातल्या खुंटावर एक खंड्या येऊन बसला आणि हिमानी मान खाली-वर करत त्याची लांब चोच कागदावर उतरवू लागली. त्या पाखराकडे ती जशी टक लावून बघत होती, तसं वर्षभरात तिने बापाकडे एकदाही बघितलं नव्हतं. दर्पणचा बांध फुटला.

"काय तरी बोल गो बाय! तुजी आय गेली, आनि तू पन अशी गप. मी जगू तरी कोनासाठी?"

वादळात होडी हाकणारा तो गडी चिखलात गुडघे टेकून मोठमोठ्याने हुंदके देऊ लागला.

हिमानीची पेन्सिल थांबली. पाखरावरची नजर न हलवता तिने दुसरा हात बापाच्या तोंडावर ठेवला.



"बाबा, हळू रड ना. खंड्या उडून जाईल."