आत सोडतील ना

"मिस्टरांना आत सोडतात का?" स्वप्नालीने विचारलं. बाकी काहीच विचारलं नाही.

स्टेशनच्या वेस्ट साइडच्या क्लासवाल्या बाई हसल्या. "आत म्हणजे लेबर रूममध्ये? छे गं. पुरुष बाहेर बाकड्यावर बसतात. आणि आपला क्लास फक्त लेडीजचा आहे."

निकेत चपला शोधायला लागला.

क्लास वाईट नव्हता. बाई प्रेमळ होत्या, बाळाला आंघोळ घालायलासुद्धा शिकवायच्या. पण जिना उतरताना स्वप्नाली थांबली. "मी एकटी आत जाणार नाही. सांगून ठेवतेय."

"माहितेय."

सुगंधामावशीला असंच एकटीला आत नेलं होतं. सगळे बाहेर चहा पीत बसलेले. आतून ओरडणं येत होतं, मग यायचं थांबलं. सुटली बिचारी, असं वाटलं सगळ्यांना. नंतर दरवाजा उघडला आणि पांढरी चादर बाहेर आली. स्वप्नाली तेव्हा शाळेत होती. तो दरवाजा अजून तिच्या डोक्यात बंद होता.

मग केबिन रोडचा क्लास कळला. साडीच्या दुकानावर, पहिल्या माळ्यावर. हिनाबेन चालवायच्या. त्यांचं बाजूच्या नर्सिंग होमशी जमलेलं होतं.

"जे मिस्टर पूरा कोर्स करणार, त्यांना डॉक्टर आत घेतात," हिनाबेन म्हणाल्या. "एक पण रविवार चुकवायचा नाय. आणि फक्त मिस्टर. मम्मी नाय, सासू नाय, कोणी नाय. मागे एकाची पूरी पलटन आत घुसली होती."

स्वप्नालीने निकेतकडे बघितलं. त्याला घाम फुटला होता.

"चालेल," तो म्हणाला. "मी येईन."

दर रविवारी दोघं उशी घेऊन जायचे. आठ-दहा जोडपी सतरंजीवर बसायची. नाकाने श्वास घ्यायचा, तोंडाने फुंकर मारल्यासारखा सोडायचा. ओरडून ताकद घालवायची नाही. स्वप्नालीला हे पटकन जमलं. निकेतला जमत नव्हतं, तोच धापा टाकायचा.

एकदा हिनाबेननी सगळ्या नवऱ्यांना कंबर चोळायला लावली. निकेतने दोन बोटं टेकवली.

"अरे, पेटी वाजवतो काय?" हिनाबेन म्हणाल्या. "तुझी बायडी हाय, बॉम्ब नाय. दाब बराबर."

सगळे हसले. निकेतचे कान लाल झाले. त्याने डोळे मिटले आणि तळव्याने दाबायला लागला.

त्याच महिन्यात सगळ्यांचं मिळून डोहाळजेवण झालं, क्लासमध्येच. फुलांचे गजरे, खालून आणलेली बर्फी. मराठी बायकांनी उखाणे घ्यायचे ठरलं. स्वप्नालीची पाळी आली तशी ती उठलीच. उलटी होतेय म्हणाली. मोरीत जाऊन बराच वेळ नळ सोडून उभी राहिली.

"शरमाळू हाय," हिनाबेन म्हणाल्या. "मी तर कधी ऐकलाच नाय तिने नाव घेतलेला."

"हो, आधीपासूनच तशी आहे," निकेत म्हणाला.

बिल्डिंगमध्ये कोणी फार विचारत नव्हतं. सगळेच नवीन, कोण दादरहून आलेलं, कोण लालबागहून. फक्त मोरव्याहून मासे विकायला येणारी लक्ष्मी दारातच बसायची.

"पयलटकरीन हाय नं तू? मंग माहेरी न्हाय गेली?"

"आई रागावलीय."

"आई रागावली, पन न्यायला भाऊ न्हाय का कोन?"

स्वप्नाली पापलेटाकडे बघत राहिली. लक्ष्मीने आणखी विचारलं नाही, दोन बोंबील जास्तीचे टाकले.

त्या संध्याकाळी निकेत टँकरचं पाणी भरून वर आला तर ती खाटेवर बसून रडत होती.

"बाळासाठी तरी उत्तमने यायला हवं होतं."

"मस्कतला आहे तो. कसा येणार?"

"निदान फोन. तू एकदा लावून बघ ना. म्हणावं, राग सोड."

निकेत एसटीडी बूथवर गेला. फोन लागला. "मी निकेत बोलतोय," एवढंच तो बोलला आणि पलीकडून रिसीव्हर आपटला.

घरी येऊन म्हणाला, "लाइनच मिळत नाही."

तिला कळलं असावं. जेवली नाही. निकेतने आपली चटई बाहेरच्या खोलीत टाकली आणि तिथूनच विचारलं, "ब्रीदिंग केलंस का आज?"

"आपण खोटं बोललो म्हणून ऐनवेळी बाहेर काढलं तर तुला?"

"कोण काढतंय? पूर्ण कोर्स केलाय मी. झोप."

कळा दुपारी सुरू झाल्या. रिक्षात ती श्वास मोजत होती आणि निकेत तिच्याबरोबर मोजत होता.

नर्सिंग होमच्या दारात नर्सने हात आडवा धरला. "तुम्ही कोण?"

"मिस्टर," निकेत म्हणाला.

"हिनाबेनवाले काय? या. चपला बाहेर काढा."

दरवाजा बंद झाला, पण या वेळी निकेत आतल्या बाजूला होता. स्वप्नालीने एकदा त्याच्याकडे बघून खात्री केली. मग नाकाने श्वास घेतला, तोंडाने सोडला. कंबर दुखली तशी त्याने तळव्याने नीट दाबली. डॉक्टर म्हणाले, "व्वा, तयारी चांगली आहे. सगळ्यांचे नवरे असे असते तर."

बराच वेळ ती एक शब्द बोलली नाही. ओठ चावून रक्त आलं तरी नाही.

"आता थोडंच राहिलं," डॉक्टर म्हणाले. "मिस्टर, जरा हात सोडा, मागे उभे राहा."

निकेतने हात सोडवून घेतला. एक पाऊल मागे सरकला.

तेवढ्यात मोठी कळ आली. स्वप्नालीने हवेत हात मारला, त्याचा हात सापडला नाही, आणि ती पहिल्यांदाच ओरडली.

"दादा, तू जाऊ नकोस. दादा."