अंगावरची ऊब

गोऱ्यांच्या वखारीच्या भिंतीला हातभर रुंदीची खिडकी होती. क्री जमातीच्या शिकाऱ्यांना आत प्रवेश नव्हता; वीस वर्षांत वाचास्कला गोऱ्याचे फक्त तांबूस केसांचे हात ठाऊक झाले होते.

दोन हिवाळे अंगाला घासून मऊ पडलेल्या, बीव्हर या केसाळ पाणप्राण्याच्या कातड्याच्या झग्याला गोरे नव्या कातड्यापेक्षा अधिक मोल देत. म्हणून वाचास्कने रीत मोडली होती. बायकोला पुरताना तिच्या अंगावरचा झगा त्याने उतरवून घेतला होता. तो आता त्याने खिडकीतून आत सरकवला.

"छान मुरलाय!" आतून आवाज आला. "ही घे बंदुकीची दारू."

"आणि गोळ्या, साहेब? नुसती दारू काय फुंकून मारू? पोरगी चार दिवसांची उपाशी आहे."

तेवढ्यात आत कोणीतरी खोकले. कोरडा, शेवटी बारीक शीळ घालणारा खोकला. ती शीळ वाचास्कने हिवाळाभर उशाशी ऐकली होती.

"आत कोण आहे?"

"मी एकटाच. गोळ्या हव्यात ना? मग पोरीचाही झगा दे."

शेजारी उभी, आईचाच खोकला जडलेली सीसीप सकाळपासून खोकत होती. तिने झगा उतरवला. "दे, बाबा. मला झग्याची आहे त्याहून हरणाला गोळीची जास्त गरज आहे."

झगा आत गेला. गोळ्यांची पिशवी बाहेर आली.

आता खिडकीआड दोघी खोकत होत्या.

वाचास्कने वळून पाहिले. सीसीप उभी होती; तिचा खोकला थांबला होता. त्या थंडीत त्याच्या तोंडातून वाफ निघत होती, घसरगाडीच्या कुत्र्यांच्याही निघत होती. तिच्या तोंडातून निघत नव्हती.