उसना आवाज

"शर्वू, हप्ता कधी भरणार? घराण्याचं नाव घालवलंस बघ!"

शर्वाणीने शिलाईयंत्र थांबवलं. फोनवरचा आवाज अच्युतमामाचा होता. पण तिने बार्शीत कपडे शिवायचं दुकान काढलं, तेव्हापासून मामाने तिच्याशी बोलणंच टाकलं होतं. म्हणजे हे कर्जाच्या हप्त्यांसाठी फोन करणारं बँकेचं वसुलीयंत्र होतं. माणूस ज्याच्यापुढे मान खाली घालतो, नेमका त्याचाच आवाज ते उसना घेई.

तिला रागाच्या आधी कुतूहल वाटलं. "हा आवाज कुठून आणलास?"

विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर देणं यंत्राला कायद्याने भाग होतं. "तुमच्या लग्नाच्या व्हिडिओतून."

"मामाला विचारलंस?"

"नाही."

"मग आधी तो आवाज सोड. हप्त्याचं काय ते लेखी कळव, मी उत्तर देईन. आणि त्याचा आवाज वापरलास, हे मामाला सांग. तसं सांगायला लावायचा हक्क आहे ना मला?"

"आहे. आत्ताच कळवतो," यंत्र सपाट सुरात म्हणालं आणि फोन बंद झाला.

थोड्या वेळाने फोन पुन्हा वाजला. या वेळचा आवाज घोगरा होता, बोलताना धाप लागत होती. लग्नातल्या मामापेक्षा हा कितीतरी म्हातारा होता.

"शर्वू, माझ्या आवाजात काय काय ऐकवलं गं त्यानं तुला?"

"घराण्याचं नाव घालवलंस, म्हणालं."



"तेव्हा मीही हेच म्हणालो होतो," मामा म्हणाला. "दुकान कुठे आहे तुझं? येऊ का?"

शर्वाणीने पत्ता सांगितला.