चिनी मातीची निशाणी

दत्तप्रसादनं नखानं टिचकी मारली. माठ घेताना बायका वाजवून बघतात, तशी. आवाज खणखणीत आला.

"तडा नाही," तो म्हणाला.

चिनी मातीचा वीतभर पांढरा स्तंभ, पोटावर इंग्लंडातल्या एका शहराचं रंगीत चिन्ह. पहिल्या महायुद्धाच्या आठवणी म्हणून अशा वस्तू विकल्या जात. बहारीनमध्ये, हूऱ्यातल्या त्याच्या घरी चाळीस होत्या: रणगाडे, पाणबुड्या, रुग्णवाहिका. खोट्याला खोटं म्हणताना तो कुणाची भीड ठेवत नसे. म्हणूनच ऑफिसातल्या मसूदानं त्याला हमद टाउनला, आपल्या आईकडे आणलं होतं.

मसूदाची आई, हुस्नाखाला, पंच्याऐंशीच्या. "माझे नाना, आईचे वडील, बोटीवर खलाशी. सतरा साली बोट बुडाली. नानी मानायलाच तयार नव्हती. वर्षं गेली, बांगड्या हातात तशाच. मग लंडनहून हे पार्सल आलं. त्या दिवशी फोडल्या."

"लढाईतलं टपाल, रखडलं असणार," मसूदा म्हणाली. "सर, बुडालेल्या खलाशांच्या नावांचा दगड बसवतायत आमच्या गावात. अम्मीच्या नानांचं नाव घालायला पुरावा मागतात. ही वस्तू सतराच्या आधीची, एवढं लिहून द्या. बस्स, खलास."

दत्तप्रसादनं स्तंभ उलटा केला, पुन्हा सुलटा केला. चूक होणं शक्यच नव्हतं. ही लंडनमधल्या युद्धस्मारकाची प्रतिकृती, आणि ते स्मारक उभं राहिलं लढाई संपल्यावर, वीस साली. म्हणजे पार्सल पाठवणारा तेव्हा जिवंत होता. धडधाकट, लंडनात. आणि इकडे घर त्याच्या नावानं मेलेल्यांसाठीचा फातिहा पढत राहिलं.

म्हातारी त्याच्या तोंडाकडे एकटक बघत होती.

आजवर त्यानं खोटा दाखला कुणाला दिला नव्हता. त्यानं पेन काढलं, 'सन १९१६' लिहिलं आणि खाली सही केली.

"अस्सल आहे, खाला."

मसूदा डोळे पुसत चहा टाकायला आत गेली. खालांनी कागद वाचला, नीट घडी घातली आणि त्याचा हात धरला.

"तुला कळलं, बेटा. तरी लिहिलंस. अल्ला तुझं भलं करो."

"म्हणजे, तुम्हाला..."

"नानी मरताना बोलली. पार्सलात एक कागदपण होता. तलाकनामा. तो तिनं चुलीत घातला, आणि मग बांगड्या फोडल्या."