उरलेल्या गोळ्या

फेब्रुवारी लागला की ब्युनोस आयर्समधले मनाचे डॉक्टर झाडून सगळे उन्हाळ्याच्या सुट्टीला समुद्रावर जातात आणि पेशंट मागे धास्तावून बसतात. म्हातारा अन्सेल्मोही तसाच बसला होता. महिना सरत आला तेव्हा त्याने कपाटातून चिंतेवरच्या जुन्या, उरलेल्या गोळ्यांची पट्टी काढली आणि एक तोंडात टाकली.

"न विचारता गोळ्या पुन्हा सुरू केल्यास तू?" कडू चहाने भरलेला भोपळ्याचा तुंबा त्याच्या हातात देत बायको एर्सिलिया म्हणाली. "अरे म्हाताऱ्या, डॉक्टरीणबाई उद्या परत येताहेत. एक दिवस दम धरवत नाही तुला?"

"त्या उद्या येताहेत म्हणूनच घेतली."

"म्हणजे?"


"नाताळात गोळ्या मी त्यांना न विचारताच बंद केल्या होत्या. ते सांगायचा धीर कुठून आणू?"